मधल्या सुराची बाजू

गिटारच्या ॲम्पवर बहुधा तीन नॉब असतात: बास, मिडल आणि ट्रेबल. भिलाईत गणपतीच्या मांडवात, दुर्गापूजेच्या पंडालात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मंचावर चढा, ॲम्पजवळ वाका आणि हे तीन नॉब कुठे उभे आहेत ते पाहा. बास आठ-नऊवर, ट्रेबल आठ-नऊवर आणि मधला शून्याच्या आसपास. आता तर मला वाकावंही लागत नाही. पहिल्या गाण्याच्या पहिल्या कडव्यात गिटार दिसते आणि ऐकू येत नाही, त्यावरूनच कळतं. दुसऱ्या गाण्याला ती ऐकू येऊ लागते, कारण वाजवणाऱ्यानं आवाज वाढवलेला असतो. तिसऱ्या गाण्याला बासवाल्यानं आणि कीबोर्डवाल्यानंही वाढवलेला असतो. चौथ्या गाण्याला गाणारी मुलगी ओरडत असते, आणि पहिल्या रांगेतल्या आजी नातवाला घेऊन घरी निघालेल्या असतात.

माझा आरोप असा, की मधला नॉब शून्यावर नेणं ही आपल्या मंचावरची सर्वांत रुळलेली असभ्यता आहे. तिची किंमत गाणारा मोजतो, ऐकणारा मोजतो आणि वाजवणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. बंद खोलीत एकट्याला सुखावणाऱ्या आवाजाला आपण ‘टोन’ म्हणू लागलो आहोत. मी टोन त्याला म्हणेन, जो चार वाद्यांत आणि एका गळ्याशेजारी उभा राहून ओळखू येतो आणि तरी कोणाची जागा खात नाही. वाङ्मयाच्या वाचकानं या नॉबच्या भानगडीत का पडावं, असं कोणी विचारेल. गाण्यातला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही, हे याच भानगडीत ठरतं, म्हणून पडावं.

आधी त्या पोराची बाजू समजून घेऊ, कारण तो मूर्ख नाही. सेक्टरमधलं क्वार्टर, रात्रीचे दहा, आणि बाबांची सकाळी सहाची पाळी. मोठ्यानं वाजवायची सोयच नाही. ॲम्प जेमतेम कुजबुजतोय. माणसाचा कान हलक्या आवाजात खर्जातलं आणि टोकाचं तीव्र असं दोन्ही कमी ऐकतो, मधलं मात्र नीट ऐकतो. हे हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी बेल प्रयोगशाळेत मोजलं आणि 1933 साली प्रसिद्ध केलं. ध्वनिशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यांच्या वक्ररेषा सापडतील. तेव्हा त्या खोलीत तो पोरगा बास वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मधलं काढून टाकतो आणि आवाज खरोखरच भरदार, काचेसारखा स्वच्छ वाटतो. त्या खोलीपुरता त्याचा निर्णय बरोबर असतो. मग आठ दिवसांनी तो तीच मांडणी घेऊन मंचावर येतो. तिथं आवाज मोठा असतो. मोठ्या आवाजात कानाची ती उणीव जवळजवळ मिटते आणि भरपाई म्हणून घातलेला बास नि ट्रेबल तेवढे उरतात. बास घुमतो, ट्रेबल टोचतो. कुजबुजताना ठरवलेलं वजन भाषणाला लावलं, की असंच होणार.

आता मंचावर कोण कुठे राहतं ते पाहू. बास गिटारची सर्वांत खालची तार 41 हर्ट्झवर बोलते, ड्रमचा किक तिच्याच शेजारी धडधडतो. झांजा आणि हायहॅट यांचा चमकारा काही हजार हर्ट्झच्या वर. गिटारची खालची तार सुटी छेडली तर 82 हर्ट्झ, वरच्या तारेचा शेवटचा पडदा बाराशे-तेराशे हर्ट्झ. त्यावर तिच्या स्वरांचे उपस्वर. गिटारच्या ॲम्पमधला बारा इंची स्पीकर पाच हजारांच्या वर फारसं काही बाहेर टाकतच नाही. म्हणजे ज्याला आपण गिटारचा देह म्हणतो तो सगळा मधल्या पट्ट्यात आहे. मिडलचा नॉब बहुतेक ॲम्पवर साधारण 400 ते 800 हर्ट्झच्या आसपासचा हाच देह धरून असतो. तो शून्यावर नेला, की खाली बास गिटारशी आणि किकशी मारामारी उरते, वर झांजांशी. मधे, जिथं तिची हक्काची जागा होती, तिथं कोणी नाही. वाजवणाऱ्याला स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही आणि तो घाबरून आवाज वाढवतो.

इथं जाणता माणूस मला अडवेल, आणि अडवावंच. तो म्हणेल, माणसाचा गळाही मधल्या पट्ट्यातच राहतो. जुना टेलिफोन 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्यावर सगळं बोलणं भागवत असे. मग गिटारनं मधली जागा सोडली तर गाणाऱ्याला मोकळीकच मिळेल की! आक्षेप वजनदार आहे, आणि गिटार खरोखर हळू राहिली असती तर तो बरोबरही ठरला असता. पण ती हळू राहत नाही. जिचा देह काढून घेतला आहे ती ऐकू येण्यासाठी आवाज चढवते, आणि आवाज चढला की सोबत तो आठ-नऊवरचा ट्रेबलही चढतो. शब्दातली व्यंजनं, म्हणजे स, श, त, क, च, ज्यांच्यावाचून ‘सकाळ’ आणि ‘अकाल’ यांत फरक उरत नाही, ती साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या टापूत राहतात. चढलेला ट्रेबल नेमका तिथं जाऊन बसतो. गायिकेचा स्वर लोकांना कळतो, शब्द कळत नाही. मिडल वर असलेली गिटार कमी आवाजात भागवते आणि तो टापू सोडून देते. जागा सोडायची तर ती सोडावी.

आवाज वाढवणं हा किती महागडा उपाय आहे, हेही लक्षात घ्या. कानाला आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहापट शक्ती लागते. दहा वॉटवर न भागलेल्यानं शंभर वॉटचा ॲम्प आणला, तरी तो फार तर दुप्पट मोठा वाटेल. मधला नॉब फिरवायला एक पैसा पडत नाही. तरीही आमची मुलं वर्षभर पैसे साठवून मोठा ॲम्प घेतात आणि त्यावरही मिडल शून्यावरच ठेवतात.

दुसरी खोड आकड्यांची. ‘बास सहा, मिड तीन, ट्रेबल सात’ अशा पाककृती एकमेकांच्या वहीतून, फोनमधून फिरत असतात. अमक्या कलावंताचा टोन हवा, तर हे आकडे लावा. पण नॉबवरचा पाच हा आकडा म्हणजे मध्य नव्हे, हे कोणी सांगत नाही. या जुन्या पद्धतीच्या ॲम्पमधले टोनचे नॉब काही वाढवत नाहीत. ते फक्त कमी-जास्त काढून घेतात, आणि एक फिरवला की दुसऱ्याचं कामही थोडं बदलतं. फेंडरच्या साठच्या दशकातल्या रचनेत तिन्ही नॉब पाचवर ठेवले, तरी मधला पट्टा मुळातच खाली दबलेला असतो; तो जवळपास सपाट करायचा तर मिडल दहावर न्यावा लागतो आणि बाकीचे दोन खाली आणावे लागतात. जिम मार्शलच्या लंडनच्या दुकानात 1962 च्या सुमारास जो पहिला मार्शल ॲम्प बनला, तो फेंडरच्याच बासमन ॲम्पवरून उचललेला होता. तरी वेगळे व्हॉल्व्ह, वेगळे स्पीकर आणि बदललेले काही भाग यांनी त्याचा मध्य वेगळा बोलू लागला. तेव्हा एका ॲम्पचा तीन दुसऱ्या ॲम्पचा सात असू शकतो. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात ‘मीठ चवीनुसार’ लिहितात, त्यामागं शहाणपण आहे. मीठ किती खारं आणि भाजी किती, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं.

मग मेटलवाल्यांचा मुद्दा येतो: ‘मेटॅलिकाचा आवाज असाच तर आहे!’ आहे. मेटॅलिकाच्या 1988 सालच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बमवरची मध्य काढलेली, धारदार गिटार ऐकून एक पिढी घडली. पण तो अल्बम आणखी एका गोष्टीसाठी कुप्रसिद्ध आहे: त्यात बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. जेसन न्यूस्टेडनं बँडमध्ये आल्यावर केलेला तो पहिला पूर्ण अल्बम, आणि त्याचं वादन शोधायला चाहते आजही कान लावतात. शिवाय ते स्टुडिओतलं काम. तिथं तीच गिटार पुन्हा पुन्हा वाजवून एकावर एक चढवता येते, आणि कुठलं वाद्य कुठे बसवायचं याचा निर्णय नंतर महिनाभर घेता येतो. मांडवात ही सोय नाही. पुस्तकाची छपाई पाहून कोणी फळ्यावर तेवढ्याच बारीक अक्षरात लिहू लागला, तर मागच्या बाकावरचा मुलगा काय वाचणार?

‘आमच्याकडे चांगला ॲम्पच नाही’ ही तक्रार मात्र खरी वाटते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. भिलाईत व्हॉल्व्हचा विलायती ॲम्प असलेली घरं थोडी. बहुतेकांकडे क्यूबच्या आकाराचा छोटा, सॉलिड स्टेट ॲम्प. तर ऐका: क्वीन या बँडचा ब्रायन मे ज्या गिटारवर जगभर ओळखला जातो, ती त्यानं आणि त्याच्या वडिलांनी 1963 पासून घरी बनवली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. त्याच्या रेकॉर्डिंगमधला व्हायोलिन-क्लॅरिनेटसारखा आवाज काढणारा छोटा ॲम्प जॉन डीकननं रस्त्याकडेच्या कचऱ्यातून उचललेल्या सर्किटवरून तयार केला होता. त्याच्याही आधी, 1958 मध्ये लिंक रे यानं आवाज फाटावा म्हणून स्पीकरला पेन्सिलीनं भोकं पाडली, 1964 मध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हीजनं ब्लेडनं स्पीकरचा कागद चिरला. ज्या आवाजांची नक्कल करायला आज पैसे साठवले जातात, त्यांतले कित्येक असे मोडतोडीतून आणि टाकाऊतून आले आहेत. त्या माणसांकडे साधन कमी होतं आणि कान पक्का होता.

आणि साधनाचं म्हणाल, तर मांडवात फुकट मिळणारं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे प्लास्टिकची खुर्ची. ॲम्प जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवला की जमीन आणि भिंत मिळून बास फुगवतात. त्यात स्पीकरमधले तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ रेषेत जातात. तो झोत वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांवर पडतो, त्याचे कान वर पाच फुटांवर असतात. त्याला वाटतं, आवाज बोथट आहे. तो ट्रेबल वाढवतो. झोत पुढं जाऊन पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या कानात शिरतो. ॲम्प खुर्चीवर ठेवा, थोडा मागं कलता करा, स्वतःच्या कानांवर रोखा. पुढच्या क्षणी तुम्ही स्वतःहून ट्रेबल तीनावर आणाल. ज्या पोरानं ही गोष्ट एकदा केली, तो ॲम्प पुन्हा जमिनीवर ठेवताना मी पाहिलेला नाही.

ऑर्केस्ट्रावाल्यांकडे ॲम्पही नसतो. ते गिटार प्रोसेसरमधून थेट मिक्सरमध्ये देतात. त्यात वाईट काही नाही. पण वर सांगितलं तसं, गिटारचा स्पीकर पाच हजारांवरचं गाळून टाकतो. पीएचा स्पीकर काहीच गाळत नाही. प्रोसेसरमधली स्पीकरची नक्कल बंद राहिली, की डिस्टॉर्शन डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखं ऐकू येतं. उलट तोच प्रोसेसर ॲम्पमध्ये लावला आणि नक्कल चालू राहिली, तर आवाज दोनदा गाळला जातो आणि रजईखालून आल्यासारखा येतो. एक स्विच. त्या स्विचकडे न पाहता ‘या वाद्यात दम नाही’ म्हणणारे मी कमी पाहिलेले नाहीत.

गेनबद्दलही हेच. गेन वाढवला की आवाज फाटतो आणि त्याच वेळी दबून सपाट होतो. हळू छेडलेलं आणि जोरात छेडलेलं सारखंच येतं. एकट्या खोलीत ते बळ वाटतं, कारण चूक झाकली जाते. बँडमध्ये त्याचा चिखल होतो, कॉर्डमधला एकही स्वर वेगळा निघत नाही. तुम्हाला हवासा वाटतो त्यापेक्षा गेन थोडा कमी ठेवा; बाकीचं काम बास गिटार आणि ड्रम करतील. ते तुमच्या सोबत आहेत, तुमच्या विरुद्ध नाहीत.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. त्यांना हा सगळा खटाटोपच हास्यास्पद वाटतो. विजेवरची गिटार, परकी, गोंगाट करणारी. तिला कसला आलाय सूर? हे म्हणणारे बहुतेक हार्मोनियमच्या साथीवर वाढलेले असतात. त्याच हार्मोनियमला ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली परकी आणि बेसूर म्हणून दाराबाहेर काढलं होतं, आणि ती बंदी सैल व्हायला 1970 नंतरचं साल उजाडावं लागलं. वाद्य परकं नसतं; त्याच्याशी आपण कसं वागतो, ते परकं किंवा आपलं असतं. आणि आवाजाला आकार देण्याची विद्या आपल्याइतकी जुनी फार थोड्यांकडे असेल. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्याला अभिमान आहे. त्या तंबोऱ्याची जवारी लावणं म्हणजे काय? घोडीचा माथा घासून त्याला नेमका उतार द्यायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत न्यायचा, केसभर पुढं, केसभर मागं, जोवर तार नुसती वाजत नाही तर बोलू लागते. ते करताना कोणी आकडा विचारत नाही. आणि ते एकदा करून भागत नाही. तार बदलली, पट्टी बदलली, की धागा पुन्हा सरकवावा लागतो. ॲम्पचा नॉब हा तोच धागा आहे. ज्या घरात तंबोरा जुळवताना सगळे गप्प बसतात, त्याच घरात ॲम्प जुळवणाऱ्या पोराला ‘बंद कर ती कटकट’ ऐकावं लागतं.

आपल्याकडे शब्दही आहेत. बास जास्त झाला की आवाज घुमतो, दणदणतो. ट्रेबल जास्त झाला की तो किनरा, कर्कश होतो. मध्य जास्त झाला की आवाज नाकात बोलतो; होय, मिडलही प्रमाणाबाहेर नेता येतो, आणि मी काही दहाचा पंथ काढत नाही. मध्य कमी झाला की आवाज पोकळ. गेन जास्त झाला की घोगरा, कमी झाला की कोरडा. आणि सगळं जागेवर आलं की खणखणीत. नाणं वाजवून घेणाऱ्या समाजाचा हा शब्द आहे. मुलं एकमेकांना ‘वॉर्म’, ‘क्रिस्प’, ‘फॅट’ म्हणत राहतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळंच काही असतं. ज्या शब्दानं आईनं लहानपणी तुमचा बसलेला घसा ओळखला, त्या शब्दानं गिटारचा घसाही ओळखता येतो. मग तो शब्द मराठी असो, छत्तीसगढी असो की तेलुगू.

या गावात तर हे कळायला अडचण पडू नये. तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या. त्यांनी पोलाद कारखान्यात नोकरी केली, पंडवानी जगभर नेली, आणि 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. एका हातात तंबुरा, मागं हार्मोनियम, तबला, मंजिरे. तो तंबुराच कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचं धनुष्य. तो गळा मधल्या पट्ट्यातला, भक्कम, जाड विणीचा. साथीदार मोठे कलावंत असतीलही, पण त्यांच्यातल्या कोणीही बाईंच्या शब्दावर चढत नसे. महाभारत सांगायचं होतं. शब्द हरवला असता तर दुःशासनाचं काय झालं हे शेवटच्या रांगेला कळलं नसतं. पंचवीस किलोमीटरच्या परिसरात असा धडा असताना आपण मिक्सिंग शिकायला दुसऱ्या खंडाकडे पाहतो.

पोरांना पुरेसं बोललो. आता आयोजकांना. गावाचं नाव घेत नाही, मंडळाचंही नाही. ज्याला टोपी बसेल त्यानं ती घालावी. कार्यक्रम सातचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मान्यवरांचे दोन शब्द जे कधीच दोन नसतात, असं करता करता साडेआठ वाजतात. बँडला साउंडचेकसाठी किती वेळ? ‘लाइन चेक कर लो, पब्लिक आ गयी है.’ म्हणजे पाच मिनिटं, तीही माइकमध्ये ‘हॅलो, चेक, वन-टू’ म्हणण्यात जातात. पोरगा खोलीतली मांडणी घेऊन आलेला असतो आणि ती बदलायला त्याला कोणी संधी देत नाही. मग गायिका मधेच मागं वळून म्हणते, ‘भैया, गिटार थोडा कम करो,’ आणि तो म्हणतो, ‘दीदी, मुझे खुद सुनाई नहीं दे रहा.’ दोघंही खरं बोलत असतात. ज्यांनी दीड तास सत्काराला दिला, त्यांनी हे भांडण लावून दिलेलं असतं.

याच मंडळांना नंतर ध्वनिप्रदूषणाच्या नोटिसा येतात. 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. डीजेच्या गोंगाटाची छत्तीसगड उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, ती उगाच नाही. कायदा डेसिबल मोजतो, मोजायलाच हवेत. पण डेसिबल का चढतात, हे मंडळानं स्वतःला विचारावं. न जुळवलेला बँड एकमेकांवर मात करत चढतच जातो. जुळवलेल्या बँडला चढावं लागत नाही. ज्याला वस्तीची झोप प्यारी आहे, त्यानं साउंडचेकला वेळ द्यावा. पोलीस येण्याआधीचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आणि एक गोष्ट रुचीपलीकडची, जिवाची आहे. मांडवातली वीज तात्पुरती ओढलेली असते. ॲम्प गुणगुणू लागला, की कोणीतरी ‘जाणकार’ प्लगची मोठी पिन, म्हणजे अर्थिंगची पिन, काढून टाकतो किंवा दोन पिनांची वायर लावून देतो. गुणगुण थांबते. त्या क्षणापासून गिटारच्या तारा आणि गायकाच्या ओठांसमोरचा माइक यांच्यामध्ये एक जिवंत वायर असू शकते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी 3 मे 1972 रोजी स्वान्सीच्या मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. पन्नास वर्षं उलटली, आणि आपण अजून पिना तोडतो. गुणगुण दुसऱ्या रीतीनं घालवता येते: गिटार घेऊन जागच्या जागी फिरा; फिरताना गुणगुण कमी-जास्त झाली तर ती पिकअप पकडतोय, दिशा बदला, ट्यूबलाइट आणि डिमरपासून दूर व्हा. दोन कॉइलचा हंबकर पिकअप गिब्सनच्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये याचसाठी काढला. सगळ्या साधनांना एकाच, नीट अर्थिंग केलेल्या बोर्डावरून वीज द्या. आणि पिन तोडणाऱ्याला मंचावर चढू देऊ नका, तो अध्यक्षांचा भाचा असला तरी.

तर मागण्या मोजक्या आहेत. मंडळांनी दार उघडण्याआधी अर्धा तास बँडला द्यावा, आणि त्या अर्ध्या तासात मंचावर हार-तुरे ठेवायला कोणी येऊ नये. अर्थिंग तपासलेला बोर्ड द्यावा. गिटारवाल्यानं ॲम्प खुर्चीवर ठेवावा, तिन्ही नॉब अर्ध्यावर आणावेत आणि कार्यक्रमाच्याच आवाजात सुरुवात करावी. मग बास तोवर खाली न्यावा, जोवर बास गिटारवाला मान डोलावत नाही. मिडल तोवर वर न्यावा, जोवर आवाज न वाढवता गिटार बाहेर येत नाही, आणि नाकात बोलायच्या आधी थांबावं. ट्रेबल सर्वांत शेवटी, स्पीकरसमोर कान नेऊन. मग गायिकेनं तिचं सर्वांत हळू गाणं म्हणावं, आणि बँडमधल्या एकानं शेवटच्या रांगेत जाऊन उभं राहावं. त्यानं गिटार कशी वाटली हे सांगायचं नाही. गाण्याचे शब्द सांगायचे. शब्द बरोबर सांगता आले, तर गिटारचा टोन लागला. नाही आले, तर नॉबकडे परत.

4 फेब्रुवारी 1959 ला इथली पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून हे गाव देशभरातल्या भाषा शेजारीशेजारी ठेवून जगत आलं आहे. इथल्या एका कार्यक्रमात हिंदी, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू, मल्याळी आणि मराठी गाणी ओळीनं होतात, आणि समोर बसलेल्या माणसाला त्यांतली एखादीच भाषा घरची असते. परक्या भाषेतलं गाणं आवडायचं तर निदान ते स्पष्ट ऐकू तरी यायला हवं. आपल्या गाण्याला शेजाऱ्यानं शांत बसून दाद द्यावी असं वाटत असेल, तर त्याच्या गाण्याच्या वेळी आपली गिटार कुठे उभी आहे, ते मंचावरच्या प्रत्येकानं वाकून पाहावं.